चाळिशी आणि विमा

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक प्रगतीचे गोडवे गाताना शिरूर आणि दौंड या तालुक्यांची नावे आता आवर्जून घेतली जातात. रांजणगावच्या वसाहतीत मोटारी, धुलाई यंत्रे, शीतकपाटे तयार होतात. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस उभा आहे आणि दौंड-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे धगधगत आहेत. ही संपत्ती निर्माण करणाऱ्या हातांना वाट दाखविण्याचे काम डोळे करतात. सुट्या भागावरील बारीक चीर ओळखणारा तपासनीस, दाबमापकावरील काटा वाचणारा रसायन कामगार, रात्री पुणे-सोलापूर रस्त्यावर मालमोटार हाकणारा चालक, कांदा आणि डाळिंब निवडणारी मजूर बाई, नोंदवही भरणारी आशा कार्यकर्ती, या सर्वांची भाकरी त्यांच्या नजरेवर अवलंबून आहे. ती नजर अधू झाली तर चष्म्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

‘आता आरोग्यविमा आहे ना!’ असे उत्तर हल्ली ठेवणीतले झाले आहे. हे उत्तर कितपत खरे आहे, ते पाहू.

चार सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणली. १९९९ च्या कायद्याने विमाक्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले. आरोग्यविम्याच्या या साऱ्या इमारतीचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे रुग्णालयात दाखल होणे. चष्मा घेण्यासाठी कोणी रुग्णालयात चोवीस तास खाटेवर पडून राहत नाही. म्हणून चष्मा, स्पर्शभिंगे आणि श्रवणयंत्रे ही सर्वसाधारण पॉलिसीत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळावयाच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. तिच्यात साडेसात डायऑप्टरहून कमी नंबराचा दृष्टिदोष सुधारण्याचे उपचारही वगळता येतात. सामान्य माणसाचा नंबर एवढा नसतोच! सर्वसामान्यांसाठी म्हणून २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जागा दिली, पण दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आणि डोळ्यामागे जास्तीत जास्त ४०,००० रुपयांच्या मर्यादेत. म्हणजे डोळ्यात पडदा आल्यावर विमा जागा होईल. तोवरची वीस-पंचवीस वर्षे कामगाराने डोळे बारीक करून काम रेटावे, असा याचा अर्थ होतो.

काही महागड्या पॉलिसींत बाह्यरुग्ण सेवेचे जोडकलम असते आणि त्यात ठराविक मुदतीनंतर ठराविक रकमेपर्यंत चष्मा मिळतो, हे खरे. परंतु त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. शिवाय चष्मा ही एकदा घेऊन संपणारी वस्तू नव्हे. नंबर वाढतो, भिंगावर ओरखडे पडतात, भट्टीजवळ काम करताना घामाने फ्रेम निसटते, काडी तुटते. मग ती दोऱ्याने बांधून आणखी सहा महिने काढले जातात. पॉलिसीची मुदत फ्रेमच्या आयुष्याला विचारून ठरत नाही.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, विमा हा अनिश्चित आणि मोठ्या संकटासाठी असतो. चष्म्याचा खर्च निश्चित आहे आणि लहान आहे. त्याचा विमा उतरविला तर कागदपत्रांचाच खर्च चष्म्याहून अधिक होईल. आमच्या मते हा युक्तिवाद विम्याच्या शास्त्रापुरता बरोबर आहे. आणि तो बरोबर आहे म्हणूनच त्यातून निघणारा निष्कर्ष आपण स्वीकारला पाहिजे. आरोग्याच्या बहुतेक गरजा चष्म्यासारख्याच आहेत. त्या रोजच्या, लहान आणि निश्चित आहेत, पण गरिबाच्या खिशाला न पेलणाऱ्या आहेत. ज्या गरजा विम्याच्या चौकटीत बसूच शकत नाहीत, त्या विम्याच्या भरवशावर सोडून देणारे राज्य आपले कर्तव्य टाळीत आहे. मागणी करावयाची ती विमा कंपनीकडे नव्हे, तर सार्वजनिक आरोग्यसेवेकडे.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा तिने चष्मेही मोफत दिले. पहिल्याच वर्षी लाखो लोकांनी ते नेले. उधळपट्टी चालली आहे, अशी ओरड झाली. वस्तुतः वर्षानुवर्षे धूसर जगात वावरणाऱ्या कष्टकऱ्यांची ती साचलेली गरज होती. १९५१ च्या एप्रिलमध्ये, कोरियन युद्धाच्या काळातील शस्त्रसज्जतेसाठी पैसा उभा करताना, अर्थमंत्री गेट्सकेल यांनी चष्मे आणि कवळ्या यांवर शुल्क बसविले. आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी त्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले आणि हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणे अनेकांना हास्यास्पद वाटले असेल. एकदा चष्म्याला किंमत लावली की औषधालाही लागेल, हे बेव्हन यांनी ओळखले होते. पुढील वर्षी तेथे औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क आलेच.

आपल्याकडे तरतुदी अगदीच नाहीत असे नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि त्यांना मोफत चष्मे हा त्याचा भाग आहे. महाराष्ट्र शासनाची २०२४ ची ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना चष्म्यासह इतर साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांची आहे. या यादीत मध्यंतरीचा माणूस कोठे आहे? शाळा सुटल्यापासून पासष्टी गाठेपर्यंत, म्हणजे राबण्याच्या साऱ्या वयात, त्याची नजर शासनाच्या हिशेबातच नाही. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली. पगार त्यापुढे सरकला की कामगार त्या छत्राबाहेर पडतो, आणि शेतमजूर तर कधी आतच नव्हता.

कराकडेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर पूर्णपणे माफ झाला. नंबराच्या चष्म्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कपातीचे स्वागत आहे. पण ज्या विम्यात चष्मा बसत नाही तो करमुक्त आणि चष्मा मात्र करपात्र, या क्रमातून राज्यकर्त्यांचा अग्रक्रम दिसून येतो.

आणि यात दयेचा प्रश्न नाही. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जवळचे दिसण्यासाठी साधा चष्मा मिळालेल्या कामगारांची पत्तीची तोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. उक्त्या कामावर जगणाऱ्याच्या घरात याचा अर्थ सरळ आहे: नजर म्हणजे मजुरी.

आपल्या भाषेने जवळच्या नजरेच्या या दोषाला, आणि त्यावरच्या चष्म्यालाही, ‘चाळिशी’ हेच नाव दिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्या संहितांचे समर्थन करताना सरकारनेच चाळिशीवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणीचे आश्वासन दिले आहे. ते शब्दशः वसूल करून घेणे आपल्या हाती आहे. या तपासणीत दूरची आणि जवळची नजर तपासली गेलीच पाहिजे, आणि दोष आढळल्यास चिठ्ठी न देता चष्मा दिला पाहिजे. कंत्राटी कामगाराबाबत ही जबाबदारी मूळ मालकाची असावी. कारखान्याबाहेरच्या मजुरांसाठी दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, शिरूरचे ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे ठराविक दिवशी नेत्रतपासणी व्हावी आणि चष्मा तेथेच मोफत मिळावा. मोडलेला चष्मा बदलून घेण्याचा हक्कही त्यात हवा.

कार्यकर्त्यांनी या हंगामात फडावर, गुऱ्हाळावर, कारखान्याच्या दारात जाऊन एवढेच विचारावे: सुईत दोरा ओवता येतो का? पगाराच्या पावतीवरचे आकडे वाचता येतात का? जी उत्तरे येतील, त्यांची गावनिहाय यादी करून ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी. आपल्या मजुरीतून काय कापले गेले, हे ज्याला वाचता येत नाही, त्याला हक्काची लढाई समजावून सांगण्याआधी चष्मा मिळवून देणे हेही चळवळीचेच काम आहे.