नाका गेला, पावती ठेवा



देऊळगाव राजाहून जालना तीसेक किलोमीटर. आज आपण तासाभरात बाजारात पोचतो. माझे आजोबा बैलगाडीने जात, तेव्हा वाटेत सरहद्द लागे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि जालना निजामाच्या राज्यात राहिले. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. करोडगिरीच्या नाक्यावर मालाची जकात भरावी लागे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान सामील झाले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे तेरा महिने देऊळगाव राजा म्हणजे जणू देशाच्या सीमेवरचेच बाजारगाव होते!

आजोबा म्हणत, "कनवटीला पावती असली की कोणाला भ्यायचं कारण नाही."

१९५६ मध्ये विदर्भ व मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नाका गेला ते बरेच झाले. पण त्याबरोबर आपली पावतीची सवयही गेली.

आता आपल्या भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचे संकरित बियाणे पिकते आणि जालन्याकडच्या कंपन्यांना जाते. घरच्या लेकीसुना संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या सकाळी परागकण लावतात. एवढे कष्टाचे बियाणे आपण तोंडी बोलीवर देऊन टाकतो. मागे एक शेतकरी माझ्याकडे आले. माल चाचणीत नापास झाल्याचे त्यांना फोनवर कळले होते. नमुना कधी काढला, कोणासमोर काढला, काहीच सांगता येईना. हंगाम गेला, कर्ज राहिले.

म्हणून एवढे कराच :

१. लागवडीआधी लेखी करार घ्या. त्यात दर, पैसे मिळण्याची तारीख आणि उगवण व शुद्धतेची टक्केवारी असावी. करार मराठीत मागा.

२. नमुना तुमच्यासमोर काढून सीलबंद करायला लावा. दोघांच्या सह्या घ्या आणि तसाच एक नमुना घरी ठेवा.

३. वजनाची पावती त्याच दिवशी घ्या.

४. चाचणीचा निकाल कागदावर मागा.

हे कागद पत्र्याच्या डब्यात जपण्याचे काम घरातल्या शिकत्या मुलीकडे द्या. ती वाचूनही दाखवील, आणि सही करण्याआधी चार प्रश्नही विचारील.