एकत्र कुटुंब आणि शेवटची पंगत

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात पताकांची दाटी झाली आहे आणि पंढरीतील जुन्या वाड्यांची दारे सताड उघडी आहेत. ओसरीवर, माडीवर, जिन्याखाली, जिथे म्हणून पथारी पसरता येईल तिथे वारकरी उतरले आहेत. कोण कोणाचा हे विचारण्याची येथे रीत नाही. जो दारात आला तो चार दिवसांपुरता घरचाच होतो. एरवी दोनचार माणसांच्या वावराने कसाबसा जागा राहणारा वाडा या दिवसांत पुन्हा भरतो, आणि मग उतरलेल्या मंडळींपैकी कोणी वृद्ध वारकरी खांबाला टेकून म्हणतोच, "बुवा, मोठ्या घराचे दिवस गेले."

ही हळहळ आम्हीही कीर्तनातून गेली पस्तीस-चाळीस वर्षे बोलून दाखविली आहे. एकत्र कुटुंबाचे वर्णन सुरू झाले की श्रोत्यांच्या माना डोलतात, म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात. आता साठी ओलांडल्यावर मात्र वाटते, की आम्ही हिशेबाची जमेची बाजूच तेवढी वाचून दाखविली. खर्चाचे पान उलटलेच नाही. एकादशी हा मन धुण्याचा दिवस आहे. आज ती दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या लहानपणी वाड्यात तेवीस माणसे होती. आजोबा, आजी, आजोबांचे अविवाहित धाकटे बंधू, त्यांची बालविधवा बहीण म्हणजे आमची आत्याआजी, वडील धरून चौघे भाऊ, त्यांच्या चौघी बायका आणि आम्ही अकरा मुले. चूल एक, देव एक, हिशेबाची वही एक.

त्या घराने आम्हांस काय दिले, ते प्रथम सांगितले पाहिजे. नाहीतर कृतघ्नपणा होईल. संध्याकाळी शुभंकरोति झाली की धाकटे आजोबा मुलांना ओळीने बसवीत आणि रूपावली, मग अमरकोश म्हणवून घेत. थोरल्याचे पाठ झाले की तोच धाकट्याला सांगे. त्यामुळे एका गुरूवर अकरा शिष्य पोसले जात. पुढे आम्ही पाठशाळेत बारा वर्षे काढली. त्या बारा वर्षांत आमच्या हातून एका पैशाची कमाई झाली नाही, आणि घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एका काकांचे दुकान बुडाले, तेव्हा त्यांच्या मुलांना ते कळलेसुद्धा नाही. एक आंबा अकरा ठिकाणी कापला तरी प्रत्येकाच्या जिभेला त्याची चव राहते, हे आम्ही तिथे शिकलो. आजोबा गेले त्या रात्री त्यांच्या उशापायथ्याशी हातांना तोटा नव्हता.

संतचरित्रांतही याची साक्ष आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांचे आईवडील ते तान्हे असतानाच निवर्तले. आजाआजींनी त्यांना वाढविले. घरात दोनच पिढ्या असत्या तर त्या पोराचे कोण होते? घरात पिढ्या एकावर एक उभ्या असल्या की एक खांब कोसळला तरी छप्पर तरते. मोठ्या कुटुंबाचा हा सर्वांत मोठा गुण, आणि त्याची बरोबरी दुसऱ्या कशाने होत नाही.

आता खर्चाचे पान. मोठ्या घराचा दोष विचारला की लोक भांडणे सांगतात. पण भांड्याला भांडे लागायचेच. त्या आवाजाचे आम्हांस फारसे काही वाटत नाही. ज्या गोष्टीचा आवाजच होत नव्हता, ती सांगावयाची आहे.

इ. स. १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. रेशनवर मिलोची तांबडी ज्वारी येई आणि तिच्या भाकरीला चिकटपणा नसल्याने ती थापताना तुटे. पंगत मात्र नेमाने बसे. आधी पुरुष, मग मुले, आणि सर्वांची उष्टी निघाल्यावर बायका. आजोबा आचवण्यापूर्वी रोज विचारीत, "मागे पुरेसे आहे ना?" आतून उत्तर येई, "आहे, आहे." आजोबा निर्दय नव्हते. ते विचारीत आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवीत. उठून टोपली पाहावी, असे त्यांना कधी सुचले नाही.

एका रात्री तहान लागली म्हणून आम्ही स्वयंपाकघराशी गेलो. चिमणीच्या उजेडात आई, तिघी काकू आणि आमची थोरली चुलत बहीण बसल्या होत्या. टोपलीत दीड भाकरी होती. ती पाच ठिकाणी वाटली जात होती, आणि वाटताना त्या हसत होत्या. आत्याआजी कोपऱ्यात जपमाळ घेऊन होती. तिचे एकभुक्त असल्यामुळे रात्रीचा प्रश्नच नव्हता. आम्ही पाणी पिऊन परत निजलो. सकाळी कोणास काही बोललो नाही.

त्या चुलत बहिणीची, ताईची, शाळा सातवीनंतर थांबली होती. धाकटी भावंडे सांभाळायला कोणीतरी हवे होते. संध्याकाळी आम्ही ओसरीवर अमरकोश घोकत असू तेव्हा ती आत भाकरी थापीत असे, आणि आम्ही अडलो की पुढचा शब्द आतून येई. आजोबा कौतुकाने म्हणत, "पोरगी मुलगा हवी होती." एवढ्यावर ते कौतुक संपे. आज लोक आम्हांस शास्त्री म्हणतात, शाल पांघरतात. त्या विद्येला बारा वर्षे जे अन्न लागले ते कोणी रांधले आणि त्यासाठी कोणाचे पुस्तक मिटले, हे आम्ही व्यासपीठावरून कधी सांगितले नाही.

यापुढची गोष्ट अधिक लाजेची आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थधर्माच्या प्रकरणी भोजनाचा क्रम सांगितला आहे. बालके, माहेरी राहिलेली विवाहित लेक, वृद्ध, गर्भवती, आजारी आणि कुमारिका, तसेच अतिथी आणि सेवक, या सर्वांना आधी जेवू घालावे. आणि जे उरेल ते यजमान पतिपत्नींनी खावे, असा त्याचा आशय आहे. मनुस्मृतीतही याच अर्थाचे वचन आढळते. म्हणजे शास्त्राच्या मते शेवटची पंगत घराच्या धन्याची आहे. पत्नी शेवटी जेवते ती एकटी नव्हे, पतीसह. आम्ही हा श्लोक पंधराव्या वर्षी पाठ केला, परीक्षेत त्याचा अन्वय लिहिला आणि घरी येऊन पहिल्या पंगतीत पाट घेतला. श्लोकाचा अर्थ लागायला आणखी पंचवीस वर्षे लागली. "आपल्याकडे बायकांनी मागाहून जेवण्याची शास्त्राज्ञाच आहे," असे सांगणारे गृहस्थ आजही भेटतात. त्यांनी एकदा मूळ ग्रंथ उघडून पाहावा.

याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीका लिहिली आणि पुढे न्यायालयांनी तिच्याच आधारे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचे निवाडे केले. तीत मुलाचा हक्क जन्माबरोबर मानला गेला. मुलीला तसा जन्मसिद्ध हक्क नव्हता. विधवेच्या वाट्याला अविभक्त घरात अन्नवस्त्र तेवढे येई. इ. स. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्श्यात मर्यादित हक्क मिळाला. इ. स. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा झाला. महाराष्ट्राने इ. स. १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने सहदायाद केले, आणि इ. स. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क विवाहित-अविवाहित भेद न ठेवता देशभरच्या हिंदू मुलींना दिला. मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने इ. स. २०२० मध्ये दिला. आत्याआजीच्या आयुष्यात यांतले काहीच वेळेवर आले नाही. एका तांबड्या आलवणात आणि एका वेळच्या जेवणात तिने साठ वर्षे त्या घराची भांडी घासली. आमच्या घरी सात पिढ्यांची वंशावळ जपून ठेवलेली आहे. तीत तिचे नाव नाही. कोणत्याही स्त्रीचे नाही.

आणि येथे, या पंढरीतच, एक घर असे होऊन गेले की ज्याच्या मोजदादीत सगळी माणसे आली. नामदेवरायांच्या घरी पंधरा माणसे होती. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई, स्वतः नामदेव, आणि पंधरावी जनाबाई. ही नावे आपल्याला जनाबाईंच्या नावावरील अभंगातून मिळतात. गंगाखेडहून लहानपणी आलेली, दळणकांडण करणारी ती दासी घराची यादी सांगते आणि शेवटी स्वतःलाही मोजते. त्या घरात सारे गोडच होते असे नव्हे. विठ्ठलाच्या नादात नामदेवांचे संसाराकडे लक्ष नाही, ही गोणाई-राजाईंची तक्रार अभंगांतून आजही ऐकू येते. पण ती तक्रार कोणी पुसून टाकली नाही. ती भक्तीच्याच वहीत राहिली, आणि ज्या घरात शेवटच्या माणसाचा शब्द पहिल्याच्या शब्दाशेजारी टिकला, ते घर सातशे वर्षांनंतरही महाद्वाराच्या पहिल्या पायरीवर आपल्याला नमस्कार करायला लावते.

मोठ्या घराची परीक्षा आम्ही आता याच मापाने करतो. घरात किती पाने मांडली गेली, हे विचारू नये. शेवटच्या पानावर काय पडले, हे पाहावे.

मग वाडे मोडले, भाऊ वेगळे झाले, याचे दुःख करू नये काय? आमच्याही वाड्यात भिंत पडली. ती पडली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. पण वेगळे होण्यात पाप नाही, हे आम्हांस तुकोबांच्या चरित्राने शिकविले. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा मागितला, तेव्हा तुकोबांनी सावकारीच्या खतांतील निम्मी खते त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. भावाने मागितले म्हणून ते रागावले नाहीत, आणि आपल्या विरक्तीचा भार त्याच्या संसारावर घातला नाही. पुढेही कान्होबा तुकोबांचेच राहिले. वाटणी प्रेमाने झाली तर घर दोन होते, नाते एकच राहते.

छोट्या घराचे दुःखही आम्ही जाणतो. इ. स. २०२० च्या आषाढीला साथीमुळे वारी थांबली, संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस आल्या. ज्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, तिथे आम्ही उभयता दोघेच बसलो होतो. मुले दूरगावी. रात्री कोणाला खोकला आला तरी दुसऱ्याने दचकून उठावे, असे ते दिवस. त्या वेळी तेवीस माणसांचा गलबला फार आठवला. पण त्या गलबल्याखाली कोण गप्प होते, हेही त्याच शांततेत स्पष्ट ऐकू आले.

गेल्या आषाढीला ताई वारीला आली होती. आता तिने सत्तरी गाठली आहे. आम्ही विचारले, "ताई, तेच घर पुन्हा मिळाले तर हवे का?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "घर हवंच रे. पण या खेपेला कामाच्या पाळ्या लावून."

आम्हांस वाटते, एकत्र कुटुंबावर आजवर झालेल्या चर्चेत इतके नेमके वाक्य आम्ही वाचलेले नाही. तिने घराला शाप दिला नाही आणि त्याची आरतीही केली नाही. कायद्याने मिळकतीचा वाटा दिला. श्रमाचा वाटा मात्र घरातल्यांनीच करावयाचा असतो. घर तेवीसांचे असो की तिघांचे, एकाच व्यक्तीने नेहमी मागे राहावे असा नेम याज्ञवल्क्याच्या त्या श्लोकाने सांगितलेला नाही. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होईल. त्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि सर्वांना वाटली जाते. काल्याला पहिली पंगत नाही आणि शेवटचीही नाही. मोठ्या कुटुंबातून वाचवून ठेवण्यासारखे जर काही असेल तर ते हेच होय.

वाचकहो, उद्या द्वादशीचे पारणे आहे. आपल्या घरी आजवर ज्या व्यक्तीने सर्वांच्या मागून पान घेतले, ती आई असेल, सून असेल, वहिनी असेल, घरकामाला येणारी बाई असेल, तिचे पान उद्या सर्वांत आधी मांडावे. "मागे आहे ना?" असे बसल्या जागेवरून न विचारता उठून भांड्यात पाहावे.

आमच्याकडे ताई यंदाही आली आहे. उद्या वाढण्याची पाळी आमची आहे.