खेळाला क्रेडिट मिळाले, पण मैदानावर आपल्या मुली आहेत का?

आपल्या घरात 'तालीम' म्हटले की शिक्षण. बाहेर गल्लीत मराठीत 'तालीम' म्हटले की लाल मातीचा आखाडा. शब्द एकच, पण आपल्याकडे या दोन तालमी कधी एकत्र आल्या नाहीत. पोरगं अभ्यास करतं नाहीतर खेळतं, आणि पोरगी तर फक्त अभ्यास करते.

नव्या पदवी अभ्यासक्रमाने मात्र या दोन्ही तालमी एकाच गुणपत्रिकेत आणल्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. २०२३-२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहे. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, कला यांतून विद्यार्थ्याने निवड करायची. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांनाही हा आराखडा लागू आहे.

वरवर पाहिले तर तक्रारीला जागाच नाही. खेळ घ्या अशी सक्ती कोणावर नाही. खरी अडचण इथेच आहे. बुरख्यात किंवा हिजाबमध्ये आलेल्या मुलीला प्रवेशाच्या वेळी कोणीतरी सहज म्हणतो, "ताई, तुम्ही एनएसएस घ्या, तुम्हाला सोपं जाईल." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घरचेही सुटकेचा निःश्वास टाकतात. भेदभाव झाला असे कोणालाच वाटत नाही, कागदावर तो दिसतही नाही, आणि मैदान मात्र रिकामे राहते. सूट देणे म्हणजे सामावून घेणे नव्हे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

यात नुकसान काय? राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पंच ही नोकरीचीच दारे आहेत. बी.पी.एड. करणाऱ्या मुस्लिम मुली आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून पाहा. मुलींना महिला प्रशिक्षक हवी म्हणून आपण अडून बसतो, पण ती प्रशिक्षक होणार कोणाची मुलगी?

पोशाखाचा प्रश्न तर जगाने बराचसा सोडवला आहे. २०१४ मध्ये फुटबॉलच्या नियमांत डोके झाकण्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला बास्केटबॉल संघाला हिजाबमुळे माघार घ्यावी लागली, आणि २०१७ मध्ये बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनेही नियम बदलला. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. उलट उदाहरणही आहेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने आपल्याच खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही. आपल्या राज्यात चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर बंदी घातली होती. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा घालण्यास मुभा दिली नाही.

नांदेडकरांना खरे तर इतक्या लांब जायची गरज नाही. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने इथे अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते. डोक्यावर पटका बांधून खेळणारे शीख खेळाडू या शहराने वर्षानुवर्षे पाहिले आहेत. पटका बांधून चेंडू अडवता येतो, तर स्पोर्ट्स हिजाब घालून का नाही? २०१४ चा फुटबॉलचा नियमही पगडी आणि हिजाब या दोन्हींसाठी होता.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. शेजारच्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत बॉक्सिंगची विश्वविजेती झाली. तिच्या कपड्यांवरून नातलग आणि मोहल्ल्यातले लोक बोलत होते. अब्बू मोहम्मद जमील पाठीशी उभे राहिले. पदक आल्यावर मिठाई वाटायला सगळेच पुढे असतात. प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आपण बयानात ऐकतो. ती घरी पोहोचेपर्यंत कुठे हरवते, कोण जाणे. लातूरमध्ये तर आणखी एक अडथळा आहे, नीटचा. अकरावी-बारावीची दोन वर्षे पोरं-पोरी खोलीतून क्लासला आणि क्लासमधून खोलीत. अम्मीला वाटते, खेळला म्हणजे नंबर गेला.

पर्यटन आणि इतिहासाच्या अभ्यासातही असेच होते. शैक्षणिक सहल म्हटली की दोन रात्री मुक्काम, आणि मुक्काम म्हटला की घरून नकार. पण कंधार, औसा, उदगीर हे किल्ले एका दिवसात पाहून परत येता येते. औसा तर लातूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. या किल्ल्यांत फारसी-अरबी शिलालेख आहेत. जुने वळण वाचणे कठीण असते, तरी उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला ती अक्षरे परकी नाहीत. तिथे ती वर्गातली मागे बसणारी राहत नाही, इतरांना सांगणारी होते. आणि उदगीरची लढाई? १७६० च्या त्या लढाईत निजामाविरुद्ध मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. पुढच्याच वर्षी पानिपतानंतर अब्दालीने त्याला ठार केले. ही लढाई 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' म्हणून सांगणाऱ्या गाईडपेक्षा आपल्या मुलांनी ती नीट सांगितलेली बरी.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा, आणि तो तातडीचा आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे होईल, पण २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० मध्ये जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा. म्हणजे स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धांच्या हंगामातच रोजे येणार. रोजा असलेल्या विद्यार्थ्याची धावण्याची चाचणी आधी घ्यावी किंवा ईदनंतर. त्या महिन्यात नियम, पंचगिरी, कौशल्याचा सराव ठेवावा. शुक्रवारी दुपारी दीड वाजता प्रात्यक्षिक लावू नये. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

मात्र महाविद्यालयाचे वार्षिक वेळापत्रक जून-जुलैमध्येच ठरते. जानेवारीत अर्ज घेऊन जाणाऱ्याला "आता उशीर झाला" हेच उत्तर मिळते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच प्राचार्य आणि क्रीडा संचालकांना लेखी विचारावे: मुलींसाठी मैदानाची वेगळी वेळ आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट आणि हिजाब चालतो का, महिला प्रशिक्षक कोण आहे. महाविद्यालय विकास समितीत आपल्या ओळखीचे कोणी असेल तर हे प्रश्न त्यांच्याकडेही द्यावेत, आणि पोच घ्यायला विसरू नये.