कोणी पाहत नसताना

विद्यापीठातील जीवन दुरून वाटते तितके ग्रंथांत बुडालेले नसते. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल येथे संशोधनानिमित्त मी वर्षभर राहिलो, तेव्हा विभागातील निम्म्या चर्चा चहाच्या खोलीतच झडत. चहा ज्याचा त्याने करून घ्यावयाचा आणि पैसे डब्यात टाकावयाचे. हिशेब विचारणारे कोणी नाही.

तेथील मानसशास्त्रज्ञांनी अशाच एका खोलीत केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला होता. दरपत्रकावर एक आठवडा फुलांचे चित्र, तर पुढला आठवडा माणसाच्या डोळ्यांचे, असे त्यांनी दहा आठवडे आलटून पालटून लावले. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले!

वाचून मला हसू आले. बडोद्यास आमची आजी लाडवांचा डबा देवघरात ठेवी. त्याला कुलूप नसे; समोर देवीच्या मुखवट्याचे चांदीचे डोळे तेवढे असत.

एका शनिवारी हेड्रियनची भिंत पाहावयास निघालो. रोमन सम्राटाने इ. स. १२२ च्या सुमारास बांधावयास घेतलेली ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब. हेक्सहॅमपर्यंत आगगाडी, पुढे बस. त्या बसचा क्रमांकही १२२ च! भिंतीच्या कडेने दोन तास चाललो. एका शेताच्या बांधाशी खोपटे होते. आत चहाचे साहित्य, केक आणि पैशांची पेटी. दोहोंचे दीड पौंड. माझ्या खिशात पन्नास पेन्सांचे एक नाणे आणि वीस पौंडांची नोट. मी सभोवार पाहिले. मेंढ्यांखेरीज कोणी नव्हते. नाणे पेटीत टाकले आणि निघालो.

परतताना पैशांपेक्षा ते सभोवार पाहणेच मनाला बोचू लागले. सुटे नव्हते हे खरे. पण सुटे नाहीत म्हणून कोणी आजूबाजूला पाहत नसते.

पुढल्या शनिवारी पुन्हा गेलो आणि राहिलेला पौंड टाकून आलो. भाडे त्याच्या कितीतरी पट पडले.

इतरत्र झालेल्या प्रयोगांत चित्रातल्या डोळ्यांचा तो प्रभाव तितकासा आढळला नाही, असे पुढे वाचनात आले. मला नवल वाटले नाही. देवीच्या डोळ्यांदेखत आम्ही भावंडांनीही लाडू पळवले होतेच. आजी ते मोजून ठेवीत असे, हे तिच्या माघारी आईकडून कळले.

तिने आम्हांला विचारले मात्र कधीच नाही.