‘काय बे जाड्या’च्या पुढे

पहाटे बुलडाण्यात भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. कठड्यावरून हमखास आवाज येतो, ‘काय बे जाड्या, एवढं खातो कशाले?’ सगळे हसतात. तोही हसतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो येत नाही. त्याची शुगर कुणी तपासली का, हे कुणी विचारलेलं नसतं.

अशी थट्टा मोठी माणसंही करतात. २१ फेब्रुवारी २०१७ ला, मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी, लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकून ‘भारी बंदोबस्त’ अशी कोटी केली. पोलीस निघाला मध्य प्रदेशचा, वजन सुमारे १८० किलो. हे खाण्यामुळे नाही, आजारामुळे आहे, असं त्यानं सांगितलं. पुढे मुंबईतच त्याच्यावर वजन घटवण्याची, म्हणजे बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली.

म्हणजे चरबी ओढून काढणं नव्हे. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भुकेचं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकच कमी होते. एरवी वजन उतरवायला लागलं की शरीर भूक वाढवतं अन् ऊर्जा वाचवतं. ‘मनावर घे’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

आपल्या विदर्भातले नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. १३५ किलोंवरून ९३ वर आल्याचं २०२२ मध्ये त्यांनी जाहीर सभेत सांगितलं.

पण लग्नाआधी दहा किलो कमी करायचेत, त्यांनी हा नाद सोडावा. आरोग्य विम्याच्या नियमात बीएमआय किमान ४० लागतो. अनियंत्रित मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असेल तर ३५. साडेपाच फुटी पोरासाठी ३५ म्हणजे जवळपास ९८ किलो. डॉक्टर याहून खालीही सल्ला देतात, पण तपासून. त्याआधी आहार, व्यायाम, औषधं करून पाहायचीच.

ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या अन् रक्ततपासण्या जन्मभर. खाणं बिघडलं तर वजन परत चढतं. ऑपरेशन नागपूर-मुंबईला उरकेल, पण नंतर दाखवायचं कुणाकडे, हे डॉक्टरांना आधीच विचारा. चिखली-मेहकरहून दरवेळी मुंबई गाठणं होत नाही.