पळा खुशाल, पण आमच्या नावाने पावत्या फाडू नका

थंडी सुरू झाली की सह्याद्रीच्या घाटांत पहाटेची गर्दी वाढते. साताऱ्याचा यवतेश्वर घाट, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट, पुण्याजवळ सिंहगडाचा रस्ता. लाखाच्या सायकली, मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं, गाडीच्या डिकीत केळी आणि इलेक्ट्रॉलच्या पुड्या. कुणी निव्वळ पळतं, कुणी पोहणं-सायकल-धावणं असे तिन्ही प्रकार एका दमात करण्याची तयारी करतं. याबद्दल आमची काही तक्रार नाही. माणसाने शरीर कमवावं, डोंगर चढावा, घाम गाळावा.

तक्रार आहे ती या स्पर्धांना हल्ली जोडल्या जाणाऱ्या शेपटाबद्दल. प्रत्येक स्पर्धकाने ओळखीपाळखीच्यांकडून ठरावीक रक्कम गोळा करायची, ती एखाद्या संस्थेला द्यायची आणि संस्थेने ती 'वंचित मुलांवर' खर्च करायची. ही वंचित मुलं म्हणजे कोण, हे या लेखाच्या वाचकांना वेगळं सांगायची गरज नाही.

यंदा हे शेपूट आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेपर्यंत पोचलं. आमची सात पोरं-पोरी वर्षभर अशाच एका डोंगरातल्या तिहेरी स्पर्धेची तयारी करताहेत. आयोजकांच्या वतीने एक संस्था आली. प्रवेश शुल्क माफ, बूट देऊ, स्पर्धेपुरत्या सायकली देऊ. बदल्यात प्रत्येकाचा फोटो आणि 'कहाणी' हवी. कहाणीसाठी छापील प्रश्नावली होती. घरात किती माणसं, वडील काय काम करतात, वडील दारू पितात का. शेवटच्या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन.

आम्ही ती प्रश्नावली कोरीच परत केली. त्यावरून वस्तीत दोन आठवडे वाद चालू आहे. एक गट म्हणतो, घरी चालत आलेले बूट लाथाडले, आता पोरांनी अनवाणी पळायचं का? दुसरा गट म्हणतो, मुळात हे पोहणं-पळणंच पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, पोरांनी गुमान एमपीएससीचा अभ्यास करावा. दोन्ही गट आपलेच आहेत आणि दोघांनाही उत्तर देणं भाग आहे.

आधी चोचल्यांबद्दल. धावणं आपल्याला नवीन आहे, असं म्हणणाऱ्याने महारकीचा इतिहास विसरू नये. वतनदार महाराने सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा पुढच्या ठाण्याला पोचवायचा, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं. ऊन, पाऊस, घाट, ओढा काही असो. चोवीस तासांत केव्हाही हाक आली की निघायचं. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या वेठीतून माणूस सोडवण्यासाठी. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. म्हणजे लांब पल्ल्याचं डोंगरी धावणं आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलंय. त्याला शर्यत म्हणत नव्हते, एवढंच. गळ्यात पदक पडत नव्हतं आणि वाटेत पाणी प्यायला थांबायची सोयही नव्हती.

आजही पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा. पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. सेकंदांवर गुण आणि गुणांवर नोकरी. त्यांच्या पळण्याला कुणी 'फिटनेस' म्हणत नाही, त्यांच्यासाठी रस्ता कुणी बंद करत नाही, पाठीमागे रुग्णवाहिका नसते. झारखंडमध्ये 2024 साली उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत 10 किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक तरुणांचे जीव गेले. बेरोजगाराचं पळणं असं असतं. हेच अंतर सुखवस्तू माणसाने पळायचं असेल तर आधी डॉक्टरचा दाखला, मग प्रशिक्षक, मग आहारतज्ज्ञ.

आणि माथेरानचा डोंगर? तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून तांबड्या मातीच्या चढावर ओढत होता. ऑगस्ट 2025 मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. स्वातंत्र्याची 78 वर्षं संपत आली तेव्हा. ज्या डोंगरावर एकाने दमसास वाढवायला जायचं, त्याच डोंगरावर दुसऱ्याने पोटासाठी दम तोडायचा. तेव्हा डोंगर, चढ आणि घाम हे 'त्यांचं' आहे असं समजून आपल्या पोरांना तिथून मागे ओढणं म्हणजे आपलीच मिळकत सोडून देणं.

आता बुटांबद्दल बोलू. खरा वाद तोच आहे.

1932 साली गांधीजींच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली, ती पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिचे सरचिटणीस ठक्करबाप्पा यांना बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी, गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, एक लांब पत्र लिहिलं. प्रत्येक कार्यकर्त्याने ते मुळातून वाचावं. बाबासाहेब त्यात दोन मार्ग वेगळे करतात. एका मार्गाने जाणारे मानतात की दलिताच्या दैन्याला त्याचं स्वतःचं वागणं कारणीभूत आहे. म्हणून ते दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं, शाळा काढून एकेका माणसाला सुधारायला बघतात. दुसऱ्या मार्गाने जाणारे मानतात की दोष परिस्थितीचा आहे. म्हणून विहीर, शाळा, चावडी, रस्ता यांवरचा हक्क आधी मिळवला पाहिजे, मग त्यासाठी गावात संघर्ष झाला तरी चालेल. बाबासाहेबांचा कौल दुसऱ्या मार्गाला होता. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असं त्यांनी पुढे नमूद केलंय.

त्या यादीत व्यायामशाळा आहे, हे लक्षात घ्या. दारूही आहे. नव्वद वर्षं उलटली, आणि आमच्या हातात आलेल्या प्रश्नावलीत तीच दारू, त्याच व्यायामाच्या शेजारी. बाबासाहेबांचा व्यायामाला विरोध नव्हता. व्यायामशाळा देऊन विहिरीचा प्रश्न गुंडाळून ठेवण्याला विरोध होता.

आणि विहिरीचा प्रश्न या तिहेरी स्पर्धेत कुठे येतो, ते आमच्या सात जणांना विचारा. ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल, 10 किलोमीटर धावणं. धावण्यात आमची पोरं कुणाला ऐकत नाहीत. सायकल जुन्या बाजारातली असली तरी घाट चढते. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायचा सराव रविवारी असतो, तेव्हा मांड्या दगड होतात. त्याचीही आता सवय झाली. दुपारच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, खिशात शेंगदाणा-गुळाचा लाडू, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. महागड्या जेलच्या पुड्यांवाचून काही अडलेलं नाही. अडतं ते पाण्यात. सातांपैकी पाच जणांना वर्षापूर्वी पाण्यात तोंडही घालता येत नव्हतं.

का? गावात पोहायला पोरगं कुठे शिकतं? विहिरीत. पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून चुलता वरून ढकलून देतो, आठ दिवसांत पोरगं तरंगायला लागतं. आता सांगा, विहीर कुणाची होती? ज्यांच्या सावलीने पाणी बाटत होतं त्यांच्या पोरांना त्या पाण्यात उडी कोण मारू देणार होतं? 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल महाडात आपल्या लोकांची डोकी फुटली. तो हक्क कोर्टात शाबूत व्हायला 17 मार्च 1937 पर्यंत, दहा वर्षं, लढावं लागलं. पाणी प्यायलाच दहा वर्षं, तर पोहणं दूरच. मग वस्त्या शहरात आल्या. शहरात तलाव आहे, पण त्याला मासिक पास आहे, आणि मोकळी वेळ नेमकी आई-बाप कामाला आणि पोरं शाळेत असतात तेव्हाची. पोरींसाठीची वेळ तर त्याहून तोकडी. आमच्या सातांत तीन मुली आहेत. त्यांनी पोहायचा पोशाख घालावा की नाही यावर वस्तीतल्या ज्या पुरुषांनी मतं दिली त्यांनी आधी मनुस्मृती कुणी आणि का जाळली ते आठवावं.

ज्या संस्थेला आमच्या पोरांचे फोटो हवे होते तिला आम्ही एकच विचारलं. बूट राहू द्या, पालिकेच्या तलावात वस्तीच्या मुलांना संध्याकाळी एक तास मोफत मिळावा म्हणून आमच्याबरोबर निवेदनावर सही करता का? उत्तर आलं की आम्ही राजकीय विषयांत पडत नाही. पाणी मागणं राजकीय, बूट वाटणं सामाजिक!

काही जण म्हणतील, पैसा वाईट नसतो, देणाऱ्याची भावना बघा. बघूया. दात्याला जुन्या करप्रणालीत 80-जी कलमाखाली करात सूट मिळते. म्हणजे त्या दानातला काही वाटा सरकारी तिजोरीनेच उचललेला असतो. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे. कायद्याने घातलेलं बंधन पाळणाऱ्याला आपण हात जोडून धन्यवाद का द्यायचे? दुसरीकडे जो पैसा हक्काने आपला आहे त्याचं काय होतं? 2025 मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींच्या वर रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, निवासी शाळा यांचा पैसा असा जातो आणि मग चार जोड बूट घेऊन कुणीतरी फोटो काढायला येतं.

हक्काच्या पैशातून काय होऊ शकतं याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. 25 मे 2014 रोजी मालावत पूर्णा ही 13 वर्षांची आदिवासी मुलगी आणि तिच्याबरोबर आनंद कुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टवर पोचले. दोघंही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळांचे सचिव होते आर. एस. प्रवीण कुमार, स्वतः त्याच समाजातून आलेले पोलीस अधिकारी. सराव भोंगीरच्या कातळावर आणि मग दार्जिलिंगला. 2018 साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी आदिवासी विकास विभागाच्या मोहिमेतून एव्हरेस्ट चढले. आश्रमशाळांची एरवीची दुर्दशा आम्हाला ठाऊक आहे, तिच्यावर आम्ही लिहिलंय आणि लिहीत राहू. पण या मुलांना कुणी 'वडील दारू पितात का' असं विचारून बूट दिले नव्हते. ते त्या शाळेचे विद्यार्थी होते, एवढं पुरेसं होतं.

उलट कौतुक करून बाहेर ठेवायची रीतही जुनीच आहे. पळवणकर बाळू 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेऊन आला. मैदानात त्याच्या हाताचा चेंडू सगळ्यांना चालत होता, चहा मात्र वेगळ्या पेल्यात आणि तंबूबाहेर. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला 1923 साली मिळालं. धर्मादाय पदयात्रांतली जगभर गाजलेली 'ट्रेलवॉकर' घ्या. चौघांनी मिळून 48 तासांत 100 किलोमीटर चालायचं. तिची सुरुवात 1981 साली हाँगकाँगच्या डोंगरात ब्रिटिश सैन्यातल्या गुरख्यांच्या सरावातून झाली. त्या गुरख्यांचा कणखरपणा जगाने डोक्यावर घेतला, आणि 2021 साली लंडनमध्ये पंतप्रधानांच्या घरासमोर निवृत्त गुरखे बरोबरीच्या पेन्शनसाठी उपोषणाला बसले होते. दमसासाचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत. पेन्शन द्यायला पडतात.

तर आमचं ठरलंय ते असं. सातही जण सराव थांबवणार नाहीत. स्पर्धेचं शुल्क वस्तीच्या वर्गणीतून दोघांचंच जमलंय. कोण जाणार हे पोरं आपसात वेळ लावून ठरवतील, त्यात कार्यकर्त्यांनी नाक खुपसायचं नाही. पालिकेच्या तलावाची मागणी लेखी दिली आहे. तलावाच्या वेळा कोण ठरवतं, सवलतीचे पास किती दिले आणि तालुका क्रीडा संकुलावर गेल्या पाच वर्षांत काय खर्च झाला, याचा माहिती अधिकारातला अर्ज तयार आहे. ज्या वस्त्यांना त्याचा नमुना हवा असेल त्यांनी कळवावं, नावं बदलून तसाच टाकता येईल.

आणि येत्या 20 मार्चला आमची स्वतःची एक फेरी आहे. भोरहून सायकलने वरंधा घाट उतरून महाड, शेवटचा टप्पा पायी धावत चवदार तळ्यापर्यंत. शुल्क नाही, देणगी नाही, पदक नाही. घाटात वळणं आंधळी आहेत, कडेला दगड सुटलेले असतात, तेव्हा ब्रेक तपासून घ्या आणि उजाडल्याशिवाय उतरायला सुरुवात करू नका. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आठ दिवस आधी सांगा, दोन जास्तीच्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने आणाव्यात.

जय भीम!