विश्लेषण : अपघातानंतर शुद्धीत असलेल्या रुग्णाला दोन दिवसांनी पक्षाघात कसा होतो? तो टाळता येतो का?

रस्ते अपघातातील जखमींना दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोखीविना देणारी केंद्र सरकारची योजना मे २०२५मध्ये अधिसूचित झाली. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस हे संरक्षण मिळते. या दिवसांत डॉक्टरांचे आणि नातेवाईकांचे लक्ष डोके, छाती, पोट आणि मोडलेल्या हाडांकडे असते. ते साहजिकही आहे. पण याच काळात मानेतल्या रक्तवाहिनीला बसलेला मुका मार गुपचूप आपले काम करत असतो. आदल्या संध्याकाळी चहा मागणाऱ्या रुग्णाचे तोंड सकाळी वाकडे झालेले असते, एक हात उचलत नाही. डोक्याचा सीटी स्कॅन तर ‘नॉर्मल’ आला होता, मग हे झाले कसे?

मानेत नेमके काय होते?

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मुख्य रक्तवाहिन्या मानेतून वर जातात. दोन कॅरोटिड पुढच्या बाजूने आणि दोन व्हर्टिब्रल मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून. धडकेत मान झटक्याने मागे जाऊन वळली की कॅरोटिड मणक्याच्या हाडावर ताणली जाते. मणका मोडला तर व्हर्टिब्रलला इजा होण्याची शक्यता वाढते. अनेकदा बाहेरून साधा ओरखडाही नसतो. रक्तवाहिनी तुटतेच असे नाही. बहुतेक वेळा फाटते ते तिचे आतले नाजूक अस्तर. ही चीर बुजवण्यासाठी प्लेटलेट्स तिथे चिकटतात, गुठळी तयार होते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात होतो. शरीराने केलेली दुरुस्तीच अशी अंगाशी येते.

गुठळी तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. म्हणूनच रुग्ण सुरुवातीला ठीक वाटतो. बहुतेक पक्षाघात पहिल्या ७२ तासांत होतात. धोका खरा आहे, पण तो रोखायला थोडा अवधीही मिळतो, ही या दुखापतीतली त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

हे किती जणांना होते?

मुका मार लागलेल्या रुग्णांत हे प्रमाण साधारण १ ते २ टक्के मानले जात असे. मात्र अमेरिकेत बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या रुग्णालयाने मोठ्या अपघातातील जवळपास सर्वच रुग्णांची मान तपासायला सुरुवात केली, तेव्हा ते सुमारे साडेसात टक्के निघाले. शोधले तेवढे सापडले, असाच त्याचा अर्थ. अर्थात त्यातल्या सगळ्याच जखमा घातक नसतात. डेन्व्हरचे शल्यचिकित्सक वॉल्टर बिफल आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये या जखमांच्या पाच श्रेणी ठरवल्या. त्यांच्या रुग्णांत कॅरोटिडच्या पहिल्या श्रेणीत पक्षाघाताचे प्रमाण ३ टक्के होते, दुसऱ्या श्रेणीत ११, तिसऱ्या श्रेणीत ३३ आणि रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या चौथ्या श्रेणीत ४४ टक्के.

साध्या सीटी स्कॅनमध्ये का दिसत नाही?

साधा स्कॅन हाड आणि रक्तस्त्राव दाखवतो. रक्तवाहिनीचे अस्तर पाहायचे तर शिरेतून रंगद्रव्य सोडून मानेची सीटी अँजिओग्राफी करावी लागते. ती कोणाची करायची, यासाठी ‘डेन्व्हर निकष’ वापरले जातात. मानेचा मणका मोडणे, चेहऱ्याच्या किंवा जबड्याच्या हाडांचे गंभीर फ्रॅक्चर, कवटीच्या तळाला तडा, गळफासातून वाचलेला रुग्ण, मानेवर सीटबेल्टचा वळ आणि सूज ही त्यातली काही. (सीटबेल्टचा वळ ही बेल्ट टाळण्याची सबब नव्हे, बेल्ट नसता तर इजा बहुधा याहून मोठी झाली असती.) दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसण्याचे प्रकार आपल्याकडे घडतात, तेही याच चौकटीत पाहायला हवेत.

उपचार साधा, मग अडते कुठे?

उपचार म्हणजे मुख्यतः गुठळी होऊ न देणारे औषध, अ‍ॅस्पिरिन किंवा हेपारिन. दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच असल्याचे दिसते आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी काही रुपयांत मिळते. सरसकट स्टेंट टाकण्याची शिफारस आता केली जात नाही.

कोंडी होते ती त्याच रुग्णाच्या मेंदूत किंवा यकृत-प्लीहेत रक्तस्त्राव असतो तेव्हा. रक्त पातळ करावे तर तो वाढण्याची भीती, न करावे तर पक्षाघाताची. अनुभवी केंद्रांत स्कॅन स्थिर दिसताच औषध सुरू केल्यावर रक्तस्त्राव फारसा वाढला नाही, असे काही अभ्यास सांगतात. पण ते जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत. त्यामुळे औषध कधी सुरू करायचे हा निर्णय आजही न्यूरोसर्जन आणि ट्रॉमा पथकाने रुग्णाच्या उशाशी उभे राहूनच घ्यायचा असतो.

भारतात २०२२मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. अमेरिकेतली टक्केवारी या आकड्याला थेट लावणे चुकीचे ठरेल, कारण या जखमींत किरकोळ इजा झालेलेही आहेत. तरीही तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला आणि तिथून मोठ्या शहराला हलवल्या जाणाऱ्या रुग्णाचे ७२ तासांतले कितीतरी तास रुग्णवाहिकेतच जातात. मणका मोडल्याचे पहिल्याच रुग्णालयात दिसले असेल, तर मानेची अँजिओग्राफी झाली की नाही हे संदर्भपत्रावर लिहिलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे. नातेवाईकांनीही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, एका बाजूचा लुळेपणा, एकच पापणी खाली येणे, अचानक तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून थांबू नये.

पुढचा पेच योजनेच्या मुदतीचा आहे. जखम भरते आहे की वाढते आहे हे पाहण्यासाठी साधारण ७ ते १० दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात आणि औषध बहुधा ३ ते ६ महिने चालते. म्हणजे दुसऱ्या तपासणीची वेळ येते तेव्हा रोखीविना उपचारांचे ७ दिवस संपत आलेले किंवा संपलेले असतात. तोवर पायाचे प्लास्टर घालून रुग्ण घरी गेलेला असतो, आणि मानेत काहीच दुखत नसताना ती गोळी कशासाठी सुरू आहे, हे अनेकदा त्याला कोणी सांगितलेलेच नसते.